कुबेलिकचं १९९० चं 'मा व्लास्त': आधी ऐका, मग डोळे पुसा

मे महिना आला की चेक वाद्यवृंद-संचालक राफाएल कुबेलिकच्या प्रागमधल्या १९९० च्या मैफलीचं रेकॉर्डिंग फिरायला लागतं आणि त्याला चिकटून तोच मजकूर. थोडक्यात तो असा: चेक संगीतकार बेद्रिख स्मेतानाने 'मा व्लास्त' (माझी मायभूमी) या वाद्यवृंदाच्या रचनेचे सहाही भाग ठार बहिरा झाल्यावर रचले, त्यातला नदीवरचा 'व्ल्तावा' ऐकला की झालं, बाकी भरताड, इस्रायलचं राष्ट्रगीत त्याच धुनेवरून उचललेलं, आणि हे रेकॉर्डिंग आजवरचं सर्वोत्तम, कारण ४२ वर्षांनी मायदेशी आलेल्या माणसाचे अश्रू त्यात आहेत.

बहिरेपणाचं अर्ध्याहून जास्त खरं आहे, म्हणूनच ते बेधडक खपतं. पहिला भाग 'विशेह्राद' स्मेतानाने १८७४ च्या सप्टेंबरअखेरीस लिहायला घेतला, तेव्हा त्याला थोडंफार ऐकू येत होतं. ऑक्टोबरात उरलासुरला कान गेला. नोव्हेंबरात तो भाग संपला आणि दोनच दिवसांनी 'व्ल्तावा' सुरू झाला. तो तीन आठवड्यांच्या आत पुरा. सहा भागांचा आराखडाही पहिल्यापासून नव्हता. १८७५ मध्ये चार भागांवर काम थांबलं होतं. 'ताबोर' आणि 'ब्लानिक' नंतर, १८७८-७९ मध्ये आले. तोवर तो प्राग सोडून याब्केनित्से गावी मुलीकडे राहायला गेला होता.

राष्ट्रगीताचं लवकर उरकतो. इस्रायलच्या 'हातिक्वा'ला चाल बसवली सॅम्युएल कोहेन यांनी, आणि ती मोल्दाव्हियातल्या बैलगाडीच्या एका लोकगीतावरून घेतल्याचं त्यांनी स्वतःच पुढे सांगितलं. चालीचे सगेसोयरे थेट जुन्या इटलीपर्यंत सापडतात. स्मेतानाची धून त्याच गोतावळ्यातली. चुलत भावांचे चेहरे जुळले म्हणून कोणी चोर ठरत नाही. (नदीचं जर्मन नाव मोल्डाव. मोल्दाव्हियाशी तिचा काडीचा संबंध नाही, पण नावांच्या सारखेपणाने गोंधळाला खतपाणी मिळत असावं.)

मला खरा राग येतो तो 'व्ल्तावा ऐकला की झालं' या वाक्याचा. 'व्ल्तावा' सुंदर आहे, प्रश्नच नाही. दोन बासऱ्या एक झरा होतात, क्लॅरिनेट दुसरा, मग शिकारीचे हॉर्न, काठावरच्या लग्नातला पोल्का, चांदण्यातल्या जलपऱ्या, सेंट जॉनच्या धारांचा खळखळाट. (त्या धारा पुढे श्तेखोवित्से धरणाच्या पाण्याखाली गेल्या, आता त्या फक्त वाद्यवृंदातच वाहतात.) पण नदी प्रागला पोचते तेव्हा पितळी वाद्यांतून एक भारदस्त सुरावट उसळते. ती कुठून आली? ती आहे पहिल्या भागाच्या आरंभी दोन हार्पनी छेडलेली प्रागच्या विशेह्राद गडाची खूण. तिचे पहिले दोन सूर जर्मन नावांनी बी आणि एस, म्हणजे संगीतकाराची आद्याक्षरं. पहिला भाग वगळून आलेल्याला तिथे फक्त मोठा आवाज ऐकू येतो. गड ओळखूच येत नाही.

शेवटच्या दोन भागांचं तर बोलायलाच नको. 'ताबोर' १५व्या शतकातल्या हुसपंथी (धर्मसुधारक यान हुसच्या अनुयायी) योद्ध्यांच्या स्तोत्रावर उभा आहे. तो ज्या ठोक्यांवर संपतो, त्याच ठोक्यांवर 'ब्लानिक' सुरू होतो. डोंगराच्या पोटात झोपलेले शूरवीर मातृभूमीवर संकट आलं की उठतील, ही त्यामागची दंतकथा. अखेरीस त्या स्तोत्रासोबत विशेह्रादची सुरावट परतते आणि सुमारे सव्वा तासापूर्वी सुरू झालेलं वर्तुळ मिटतं. याला भरताड म्हणणाऱ्याने ते सलग ऐकलेलं नाही, एवढंच मी म्हणेन.

आता अश्रू. प्रसंग खराच मोठा होता. १९४८ च्या कम्युनिस्ट सत्तापालटानंतर देश सोडलेला, प्रकृतीमुळे निवृत्त झालेला पंच्याहत्तरीचा कुबेलिक १२ मे, म्हणजे स्मेतानाच्या पुण्यतिथीला, कम्युनिस्ट सत्ता कोसळल्यावर परतून चेक फिलहार्मोनिक वाद्यवृंदासमोर उभा राहिला. सभागृहात राष्ट्राध्यक्ष वाक्लाव हावेल होते. शूरवीर जागे होण्याची गोष्ट त्या रात्री कोणाला समजावून सांगावी लागली नसेल. पण प्रसंग मोठा म्हणून वादन सर्वोत्तम, हे कुठलं गणित? कुबेलिकने हीच रचना त्याआधी शिकागोत १९५२ मध्ये, व्हिएन्नात १९५८ मध्ये, बॉस्टनमध्ये १९७१ मध्ये आणि म्युनिकच्या बव्हेरियन रेडिओ वाद्यवृंदासोबत १९८४ मध्येही मुद्रित केली होती. माझ्या कानाला बॉस्टनचं वादन जास्त नेटकं वाटतं. तिथे दुसरी व्हायोलिन्स उजव्या हाताला बसलेली आहेत. चौथ्या भागात, बोहेमियाच्या कुरणांवर आणि रानांवर, तारवाद्यं एकामागून एक हळुवार शिरतात. पहिल्या व्हायोलिनचा प्रश्न डावीकडून आणि उत्तर उजवीकडून येतं, आणि मधली मोकळी जागा कानांना दिसते. प्रागच्या मैफलीत आवेग आहे, वय आहे, श्वास अडकवणारी शांतता आहे. ही सफाई तेवढी नाही.

आणि अश्रूच मोजायचे तर संचालक वाक्लाव तालिखने जून १९३९ मध्ये, नाझी अंमल सुरू झाल्यावर, प्रागमध्ये हीच रचना वाजवली तेव्हा श्रोत्यांनी शेवटी राष्ट्रगीत गायलं होतं. आउश्वित्झमधून जिवंत परतलेल्या संचालक कारेल आंचेर्लने चेक फिलहार्मोनिककडूनच १९६३ मध्ये स्टुडिओत ती मुद्रित करून घेतली. तिथे टाळ्या नाहीत, हावेल नाहीत. 'ताबोर'चे पहिले ठोके मात्र त्यात असे पडतात की मी दरवेळी आवाज कमी करायला हात पुढे नेतो आणि मागे घेतो.