पासवर्ड कितीही अवघड ठेवा, जातो उघड्यावरूनच

वेबसाइट सांभाळणाऱ्यांच्या ग्रुपांवर एफटीपीबद्दल (सर्व्हरवर फाइली चढवायची जुनी पद्धत) एक सल्ला फिरतोय: "फाइली चढवायला साधं एफटीपी पुरे. पासवर्ड अवघड ठेवा, पोर्ट बदला, महत्त्वाची फाइल झिप करून लॉक करा. एसएफटीपी म्हणजे तरी काय, एफटीपीच. वर होस्ट कीचे (सर्व्हरच्या ओळखीच्या किल्लीचे) प्रश्न विचारून डोकं खातं. विचारलं की यस दाबायचं."

आधी पासवर्ड. वायरशार्क (जाळ्यावरून काय जातंय ते दाखवणारा प्रोग्राम) लावा आणि स्वतःच्याच टेस्ट सर्व्हरला एफटीपीने जोडा. 'यूजर' या शब्दापुढे तुमचं नाव दिसेल, थोडं खाली 'पास' या शब्दापुढे पासवर्ड, अक्षर न् अक्षर. तो २४ अक्षरी असला म्हणून काय झालं? चोराला तो ओळखायचा नाहीये, नुसता वाचायचाय. (आयआयटी कानपूरमध्ये शिकलेले अभय भूषण यांनी १९७१ साली एफटीपीचा पहिला मसुदा लिहिला, तेव्हा त्या जाळ्यावर मोजकीच यंत्रं होती. दोष त्यांचा नाही.)

पोर्ट (जोडणीचा दार-क्रमांक) बदलल्याने आपोआप दारं ठोठावणाऱ्या बॉटची वर्दळ घटते, लॉगमधला कचरा कमी होतो. बस्स.

झिपचं अर्धं खरं आहे. एईएस या पक्क्या एन्क्रिप्शनने लॉक केली आणि तिचा पासवर्ड वेगळ्या वाटेने कळवला, तर आतला मजकूर सुरक्षित राहतो. फाइलींची नावं मात्र बहुधा दिसतातच. पण एफटीपीचा पासवर्ड हाती लागल्यावर चोर तुमची झिप कशाला फोडत बसेल? तो सरळ इंडेक्स डॉट पीएचपी, म्हणजे साइटचं मुखपृष्ठच, बदलेल.

"एसएफटीपी म्हणजे एफटीपीच" हा नावामुळे झालेला घोटाळा. एफटीपीवर टीएलएस (https वालं एन्क्रिप्शन) चढवलं की होतं एफटीपीएस. एसएफटीपीचं घराणंच वेगळं: ते एसएसएचच्या (दूरच्या सर्व्हरवर एन्क्रिप्ट करून शिरायच्या पद्धतीच्या) आत, सहसा पोर्ट २२ वरच्या एकाच जोडणीतून चालतं. आणि एसएसएच १९९५ साली हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठात जन्मलं तेच तिथल्या जाळ्यावर पासवर्ड चोरीला गेले म्हणून. ओपनएसएसएच (एसएसएचचा सर्रास वापरला जाणारा प्रोग्राम) ९.० पासून, म्हणजे २०२२ पासून, त्यातली फाइल-कॉपीची आज्ञा एससीपीही एरवी आतून एसएफटीपीच वापरतं.

राहिला यस. सगळ्यात घातक सल्ला हाच. पहिल्यांदा जोडताना 'एसएचए२५६' ने सुरू होणारी जी ओळ, म्हणजे होस्ट कीचा ठसा, दिसते, ती सर्व्हरच्या कन्सोलवरच्या ओळीशी ताडून बघायची असते. न बघता यस दाबलं आणि मध्ये भलताच कोणी बसला असेल, तर तुमचा पासवर्ड त्यालाच मिळाला, तोही एन्क्रिप्ट करून! पुढे कधी 'होस्टची ओळख बदलली' असा इशारा आला, तर बहुतेक वेळा सर्व्हर नव्याने बसवलेला असतो. मी एकदा घाईत नोन होस्ट्समधली (ओळखीच्या सर्व्हरांच्या यादीतली) जुनी ओळ पुसून आत शिरलो आणि क्लायंटला फोन नंतर केला. सर्व्हर खरंच बदलला होता, म्हणून निभावलं.

आता नव्या सर्व्हरवर पहिलं काम ठरलेलं: ईडी२५५१९ प्रकारची एसएसएच किल्ली बनवायची, तिला पासफ्रेज (किल्लीचा स्वतःचा पासवर्ड) लावायचा, पब्लिक भाग सर्व्हरवर ठेवायचा आणि पासवर्डने लॉगिन बंद. फक्त चालू खिडकी मिटण्याआधी दुसऱ्या खिडकीतून किल्लीने आत जाऊन बघा. नाहीतर स्वतःच बाहेर राहाल.