दोन स्टार देणाऱ्या ताईंना, माथेरानहून

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय काल रात्री घरात सगळ्यांनी मिळून वाचला. 'साडेसहाची फेरी दहाला निघाली, घोड्याचे पैसे घेऊन शार्लोट लेकपाशी पायी चालवलं आणि शेकरू म्हणून माकडं दाखवली.'

उशीर ही सरळ आमची चूक. मे महिन्यातला शनिवार, मुलाने तेच दोन घोडे दोन कुटुंबांना देऊन टाकले आणि ते दस्तुरी नाक्यावरून परत येईपर्यंत तुम्ही ताटकळलात. निम्मे पैसे आज परत पाठवलेत.

या उशिराने शेकरूही हुकला. राज्यप्राणी असला म्हणून तो कोणाच्या वेळेवर हजेरी लावत नाही. उजाडल्यावर तो फांद्यांतून हिंडतो, फळं, साल, कोवळी पानं खातो. ऊन चढलं की एखाद्या आडव्या फांदीवर पोट टेकून पडतो, नाहीतर घरट्यात शिरतो. एकच शेकरू काटक्या-पानांची चार-पाच घरटी बांधून ठेवतो, त्यामुळे घरटं दिसलं म्हणजे आत कोणी असेलच असं नाही. आम्हीसुद्धा आधी खाली लोंबणारी शेपटी शोधतो. दहानंतर तीही पानांत हरवते.

बिस्किट टाकून त्याला खाली बोलवायला मुलाने नकार दिला, त्याला तुम्ही उद्धटपणा म्हटलंय. बोलायची पद्धत चुकली असेल तर मी माफी मागतो, नकाराबद्दल नाही. शेकरू जमिनीवर फारसा उतरत नाही. खाऊच्या आशेने उतरायला लागला की पहिला कुत्र्यांच्या तोंडी जाईल. माकडांचं काय झालंय ते तुम्ही बघितलंच. तुमच्या हातातलं वेफर्सचं पाकीट ज्याने ओढलं, त्याला ती सवय पर्यटकांनीच लावली.

पायी चालण्याबद्दल: तळ्याच्या अलीकडे आम्ही सगळ्यांनाच उतरवतो. नालांचा खडखडाट झाला की वरची हालचाल थांबते. शिवाय हे तळं गावाच्या पिण्याच्या पाण्याचं, काठावर लीद नको. पण हे नोंदणीच्या वेळीच सांगायला हवं होतं, तुमचं बरोबर आहे. आता दरपत्रकावर सगळ्यात वर लिहिलंय. (घोडा वाटेत सारखा गवत खात होता, ही तक्रारही मान्य. त्याला आम्हीही कंटाळलोय.)

पुन्हा आलात तर सहाला निघू, फेरीचे पैसे नकोत.

आणि एक. पिसारनाथाच्या देवळाजवळ तुम्ही विचारलंत म्हणे, 'कोण पोरगं मघापासून शिट्टी वाजवतंय?' मुलगा तेव्हा घोडे बांधत होता, उत्तर राहून गेलं. ते पोरगं नव्हतं ताई, शीळकरी कस्तूर होता. निळा-काळा पक्षी, पाऊस जवळ आला की असाच सूर सोडून शीळ घालत बसतो. माकडांखाली तेवढं एक नाव लिहून ठेवा.