साबण, मोका पॉट आणि ‘बाई’

घरच्या कॉफी मेकरवरच्या माझ्या लेखाखाली ‘काळी बिनसाखरेची’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. तीत ज्याचा उल्लेख आहे तो मोका पॉट म्हणजे गॅसवर ठेवायचा तीन भागांचा कॉफीचा पॉट: खालचं पाणी वाफेच्या दाबाने मधल्या पुडीतून वरच्या भांड्यात चढतं. ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी आधी ती जशीच्या तशी देते:

“बाई, मोका पॉट साबणाने घासायला सांगणाऱ्यांनी कॉफीच्या वाटेला जाऊ नये. मोका पॉटमधून एस्प्रेसो निघत नाही, एवढं तरी वाचून लिहायचं. ग्राइंडरबद्दल एक ओळ नाही. मशिन कोणतं घ्या ते सांगायचं आणि दळण्याचं नाव नाही. आणि ते सायट्रिक ॲसिड किती, कशात, त्याचा पत्ता नाही.”

आधी ‘बाई’बद्दल. मी ३१ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे ‘बाई’ ऐकायची मला सवय आहे. मुलांनी मला वर्गात हाक मारली, एसटीत मारली, एकदा तर डोळ्यांच्या दवाखान्यात, डोळ्यांत थेंब घालून बसले होते तेव्हाही मारली. पण त्या हाकेमागे काहीतरी विचारायचं असायचं. तुमच्या ‘बाई’पुढचा स्वल्पविराम सिग्नलला स्कूटर आडवी आली की लोक काढतात तो आहे. मुद्दा मांडायला त्याची गरज नव्हती. टोपणनाव घेतलं की जीभ सैल सुटते हे मी इथे बऱ्याच वेळा पाहिलं आहे, तेव्हा आश्चर्य वाटलं नाही. वाईट वाटलं, एवढंच.

एस्प्रेसोचं म्हणाल तर मान्य. मोका पॉटमध्ये दाब जेमतेम दीड-दोन बारपर्यंत (बार हे दाबाचं एकक) चढतो, एस्प्रेसोला, म्हणजे जोराच्या दाबाने काढलेल्या दाट कॉफीला, नऊच्या आसपास लागतो. शीर्षकात ‘घरचा एस्प्रेसो’ लिहिलं ते चुकलं, बदलते. अर्थात बियालेत्ती यांनी १९३३ साली इटलीत हा पॉट काढला, तेव्हापासून घरबसल्या एस्प्रेसो अशीच त्याची जाहिरात होत आली आहे. पण चूक ती चूक.

आता साबण.

तुमचं म्हणणं मला नवीन नाही. पॉटच्या खोक्यातल्या कागदावर साबण लावू नका, गरम पाण्याने धुवा असंच छापलेलं असतं. ॲल्युमिनियमवर कॉफीचा पातळ थर बसतो, तो राहू द्यावा, नाहीतर धातूची चव उतरते, असं मानतात. नवा पॉट आणल्यावर पहिल्या दोन-तीन खेपा ओतून द्यायच्या त्या याचसाठी. हे सगळं माझ्या लेखात आहे. तिसरा परिच्छेद. तुम्ही दुसऱ्यातच थांबलात, असं दिसतं.

पण थर वेगळा आणि खवटपणा वेगळा. कॉफीच्या बीत तेल असतं. कागदाच्या गाळणीत ते बरंचसं अडकतं, मोका पॉटच्या धातूच्या जाळीतून ते सरळ वर येतं आणि भांड्याला, नळीला, रबरी रिंगेच्या खाली चिकटून बसतं. आपल्याकडे खोबरं खवट होतं, शेंगदाणे खवट होतात, कॉफीचं तेल काय वेगळं आहे?

माझ्या थोरल्या बहिणीचं घर रत्नागिरीला आहे. तिच्या मुलाने आणलेला पॉट जूनमध्ये गरम पाण्याने धुतला, अगदी तुमच्या नियमाप्रमाणे, घट्ट फिरवून बंद केला आणि फडताळात ठेवला. गणपतीत आम्ही गेलो तेव्हा मी तो उघडला. वरच्या भांड्यातल्या नळीच्या बुडाशी बोट फिरवलं तर नखात तपकिरी, मेणासारखं काहीतरी आलं. वास अगदी विसरलेल्या खोबऱ्याच्या वाटीचा. गरम पाण्याने तीनदा धुतला, वास हलला नाही. मग भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, जुन्या धोतराचं मऊ फडकं, रिंग सुरीच्या पाठीने अलगद उचकटून तिच्याखालची खाच पुसली, जाळी मागच्या बाजूने चोळली. वास गेला. पहिली कॉफी मोरीत ओतली, दुसरी आम्ही चौघांनी प्यायली. धातूची चव कुणालाही लागली नाही. आणि आमच्या मेहुण्यांना फोडणीत हिंग किंचित जळला तरी पानावरून उठावंसं वाटतं.

यात मोठं शास्त्र नाही. तेलाला पाणी सोडवत नाही, साबण सोडवतो. ही गोष्ट मी इतक्या वर्षांत इतक्या मुलांना शिकवली आहे की मोजदाद नाही, आणि त्यांतल्या एकानेही मला ‘याच्या वाटेला जाऊ नका’ असं म्हटलं नाही.

तुम्ही म्हणाल, रोज वापरा, म्हणजे खवट होणारच नाही. बरोबर आहे. रोज करणाऱ्याने गरम पाण्याने धुवावा, पुसावा, तिन्ही भाग सुटे ठेवून वाळू द्यावेत, साबणाची गरज नाही. पण मी लिहिते ते ज्यांचा पॉट पाहुणे आले की निघतो त्यांच्यासाठी. साबणाने बाद झालेला पॉट मी आजवर पाहिलेला नाही. डिशवॉशरमध्ये घालून काळाठिक्कर पडलेला पाहिला आहे. तारेच्या घासणीने ओरखडलेला पाहिला आहे. रिंग न बदलल्यामुळे कडेने फुसफुसणारा तर माझ्याच ओट्यावर होता. कुकरची रिंग बदलतो तशी हीसुद्धा कडक झाली की बदलायची, हे मला दोन वर्षं सुचलं नाही. कबूल करते, म्हणजे तुम्हाला पुढच्या प्रतिक्रियेत शोधत बसायला नको.

आणि कॉफीच्या वाटेला जाण्याबद्दल. माझे वडील रेल्वेत होते, माझं बालपण हुबळीला गेलं. घरी पितळी फिल्टर होता. रात्री आई वरच्या भांड्यात पूड भरायची, छत्रीने, म्हणजे फिल्टरच्या दांडीवाल्या चकतीने, हलकेच दाबायची, उकळतं पाणी ओतायची, आणि सकाळी खालच्या भांड्यात डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा अर्क, तयार. भोकं बुजली की सुई घेऊन एकेक मोकळं करायचं काम माझं. मी तेव्हा सहा वर्षांची होते. या वाटेवर कोण कधीपासून आहे याचा हिशेब मांडायचाच असेल तर तुम्ही आधी तुमचं वय सांगा.

सायट्रिक ॲसिडचं प्रमाण राहिलं, लेख लांबत होता. लिटरभर पाण्याला एक मोठा चमचा, तेही फक्त विजेच्या ड्रिप मशिनसाठी (गरम पाणी पुडीवर ठिबकवतं ते), आत साठलेला क्षार सुटावा म्हणून. टाकीत घालून मशिन चालू करायचं, निम्मं पाणी उतरलं की बंद करून वीस मिनिटं थांबायचं, मग उरलेलं उतरवायचं आणि साध्या पाण्याच्या दोन टाक्या सोडायच्या. पुण्यात आमच्या सोसायटीला उन्हाळ्यात टँकर येतात, तेव्हा मी हे महिन्याला करते, एरवी तीन महिन्यांनी. आमचं पहिलं मशिन याच अज्ञानात गेलं. दुरुस्तीवाल्याने बुडाची पत्री उघडून आतली नळी दाखवली, स्क्रू ड्रायव्हरने टोचली तर अंड्याच्या टरफलासारखा पांढरा पापुद्रा निघाला. “पाणी उकडून उकडून दगड झालाय, काकू,” तो म्हणाला. काकू म्हणाला, बघा, आणि त्याला माझं नावही माहीत नव्हतं.

ग्राइंडरवर लिहीन तेव्हा लिहीन. मी पूड दुकानातून दळून आणते, फिल्टरसाठी सत्तर टक्के कॉफी आणि तीस टक्के चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळांची पूड) अशी आणि मोकासाठी बिनचिकोरीची, थोडी बारीक. यावर तुम्ही काय म्हणाल ते मला इथूनच ऐकू येतंय. ज्याच्या घरी अजून मशिनच नाही त्याला आधी मशिनपेक्षा महाग ग्राइंडर घ्यायला सांगणं मला जमत नाही.

तर लेखाच्या शीर्षकातून ‘एस्प्रेसो’ काढला आहे, सायट्रिक ॲसिडचं प्रमाण घातलं आहे. साबणाचं वाक्य तसंच ठेवलं आहे. त्यात ‘घासा’च्या जागी ‘धुवा’ केलं आहे आणि ‘खवट वास आला तरच’ हे शब्द घातले आहेत. ते मला आधीपासूनच घालायचे होते.