हॉलंड व्हिलेजच्या फेरीबद्दल तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा अभिप्राय काल रात्री वाचला, सकाळी उठून पुन्हा वाचला. काका-काकूंची सिंगापूरमधली एक संध्याकाळ माझ्यामुळे बेचव झाली असं तुम्हाला वाटलं, याबद्दल मनापासून माफी मागते. आई-वडिलांना घेऊन माणूस एकदाच एवढ्या लांब येतो. तुमचा राग मला समजतो.

तुम्ही दोन स्टार दिलेत आणि लिहिलंत की तीन तास सांगून गाईडने दोन तासांत उरकलं, एका बियरचे जवळजवळ दीड हजार रुपये गेले, पबवाल्याशी तिचं कमिशन असणार, आईला धड खायला मिळालं नाही आणि वर उष्टे ट्रे आमच्याकडून उचलून घेतले. बाकीचं मी ऐकून घेईन दादा, पण कमिशनचं ऐकून घेणार नाही. आणि ते सांगायचं तर वेळेपासूनच सांगावं लागेल, कारण सगळं तिथूनच बिघडलं.

आपली वेळ सहाची होती. आदल्या दिवशी मी तुम्हाला रस्तासुद्धा लिहून पाठवला होता: लिटल इंडियाहून डाउनटाउन लाइन, बोटॅनिक गार्डन्सला गाडी बदलायची, तिथून सर्कल लाइनने दुसरं स्टेशन. मी पावणेसहापासून स्टेशनबाहेर उभी होते. पाच चाळीसला तुमचा मेसेज आला, ‘मुस्तफात आहोत, दहाच मिनिटं.’ (मुस्तफा म्हणजे लिटल इंडियातलं ते मोठं दुकान.) सहा वीसला आला, ‘निघालो.’ सहा पंचावन्नला तुमची टॅक्सी आली आणि मुस्तफाच्या सहा पिशव्या उतरल्या, तोंडाला प्लॅस्टिकच्या पट्ट्या आवळलेल्या. त्यातल्या दोन मीच धरल्या होत्या, तुम्हाला आठवत असेल. खरेदीत उशीर होतो, मी काही बोलले नाही, आणि आत्ताही तुम्हाला कमीपणा आणायला हे लिहीत नाही. पण सहा ते नऊ या तीन तासांतला जवळजवळ एक तास तुम्ही पोहोचायच्या आत संपला होता. सव्वानऊला मला दुसरी मंडळी भेटणार होती, तरी नऊ दहापर्यंत मी तुमच्यासोबत होते. ‘उरकलं’ हा शब्द फार लागला.

आता बियर. मी ज्या पबमध्ये नेते तिथे आठपर्यंत हॅपी अवर असतो. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. आधी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाण्याच्या स्टॉल्सच्या बाजारात खाणं, मग सव्वासातला पब, शेवटी समोरच्या चिप बी गार्डन्स या वस्तीची चक्कर. त्या दिवशी सुरुवातच उशिरा झाली, काकूंना भूक लागली होती म्हणून खाणं मागे ढकलता आलं नाही आणि पबमध्ये पोहोचलो तेव्हा आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. आठच्या आत ग्लास 12 सिंगापूर डॉलरला, आठनंतर 18 ला. त्याच्यापुढे मेन्यूवर दोन अधिकची चिन्हं असतात, म्हणजे वर 10 टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्या बेरजेवर 9 टक्के जीएसटी. 18 चे झाले 19.80 आणि मग 21.58. आठच्या आधी तोच ग्लास 14.39 ला पडला असता. तुम्ही तिघांनी एकेक घेतली, म्हणजे फरक साडेएकवीस डॉलरचा. तो पबवाल्याने घेतला, मी नाही. दारूवर इथे करही जबर आहे. बियरमधल्या शुद्ध अल्कोहोलवर लिटरला 60 डॉलर, म्हणजे अर्ध्या लिटरच्या साध्या बियरमागे दीड डॉलर नुसता सरकारचा. बियर फेरीच्या पैशांत धरलेली नाही हे बुकिंगच्या मेसेजमध्ये होतं. दोन चिन्हांचं मात्र मी ऑर्डर द्यायच्या आधी सांगायला हवं होतं. ती चूक माझी.

त्या पबकडून मला आजवर एक सेंट मिळालेला नाही. मी तिथे सोडा घेते आणि त्याचे पैसे देते. इथे पैसे घेऊन लोकांना फिरवायचं तर पर्यटन मंडळाचा परवाना लागतो, त्यासाठी कोर्स करावा लागतो, परीक्षा द्यावी लागते. मुलगी लहान असताना रात्री जागून मी तो अभ्यास केला. माझं ऑफिस नाही, एजंट नाही. माझ्याकडे येणारी माणसं असे अभिप्राय वाचूनच येतात. कालच एका ताईंनी मला विचारलं, ‘तुमचं पबशी काही असतं का हो?’ तुम्ही अंदाजाने लिहिलेलं एक वाक्य, पण मला आता ते प्रत्येकाला खोडून सांगावं लागणार.

काकूंच्या खाण्याबद्दल वाईट वाटलं, कारण सगळ्यात जास्त काळजी मी त्यांचीच घेत होते. तुम्ही लिहिलंत की ‘कॅरट केक’ आईला घेऊ दिला नाही. दादा, त्यात गाजर नसतंच. तो मुळा आणि तांदळाच्या पिठाचा असतो, त्यावर अंडं फोडतात आणि फिश सॉस घालतात. शेजारच्या स्टॉलवरची हिरवी भाजी दिसायला शुद्ध शाकाहारी, पण तिच्या सांबलमध्ये, म्हणजे मिरचीच्या चटणीत, बलाचान, म्हणजे सुकवून कुटलेली कोळंबी. काकूंनी मला आल्या आल्या सांगितलं होतं की त्यांची चतुर्थी आहे, अंडंसुद्धा चालणार नाही. मी मुकाट्याने खाऊ दिलं असतं तर त्यांना कळलंही नसतं, पण मला रात्री झोप लागली नसती. त्यांना बर्फाचा आईस कचांग दिला. तांबड्या सरबताखाली लाल चवळीसारखे दाणे निघाले तेव्हा त्या हसल्या आणि वहिनींना म्हणाल्या, ‘गोळ्यात उसळ!’ ते पोटभरीचं नव्हतं, मान्य. शाकाहारी मंडळींसाठी फेरीत काहीतरी नीट बसवायला हवं, ते मी बघते आहे.

ट्रेचं थोडक्यात सांगते. सप्टेंबर 2021 पासून हॉकर सेंटरमध्ये आपला ट्रे आणि उष्टं आपणच परत ठेवायचं, हा नियम आहे. आधी समज देतात, पुन्हा सापडलं तर 300 डॉलर दंड. मंत्र्यापासून मजुरापर्यंत सगळे उचलतात. काका-काकूंचे ट्रे मी उचलले, तुमच्या भावाला फक्त त्यांचा स्वतःचा उचलायला सांगितलं. माझा आवाज चढला असेल तर माफ करा. त्याआधी टेबलावरचं टिश्यूचं पाकीट बाजूला सारून ते बसले होते आणि दोन मुली हातात गरम सूप घेऊन आपल्यासमोर उभ्या होत्या. इथे टिश्यूचं पाकीट ठेवलं की टेबल धरलं असं समजतात. त्यांना हे माहीत असायचं काही कारण नव्हतं. मी आधी सांगायला हवं होतं. त्या मुलींची माफी मागून तुमच्याकडे वळले तेव्हा मीही गडबडले होते.

‘बघण्यासारखं काहीच नाही, एका बंद दुकानासमोर उभं केलं’ असंही तुम्ही लिहिलंत. ते थंबी मॅगझिन स्टोअरचं ठिकाण होतं. एका तमिळ कुटुंबाने तीन पिढ्या तिथे जगभरची मासिकं विकली, मे 2024 मध्ये ते बंद झालं. या भागात गोऱ्यांचे पब का आले ते तिथेच उभं राहून नीट सांगता येतं. समोरच्या चिप बी गार्डन्समध्ये 1950 च्या दशकात ब्रिटिश सैनिकांच्या कुटुंबांसाठी घरं बांधली, 1971 मध्ये ब्रिटिश फौजा गेल्या, पण परदेशी माणसांची वस्ती आणि त्यांच्यासाठीची दुकानं राहिली. पाच मिनिटांचं सांगणं होतं. काका लक्ष देऊन ऐकत होते, त्यांनी मला दोन प्रश्नही विचारले. तुम्ही तेव्हा फोनवर होतात.

पुढे काय करणार तेही सांगते. उशीर झाला तर काय गळणार हे आता बुकिंगमध्येच लिहिणार आहे, आणि दहा मिनिटांनंतर मेसेजवर न राहता सरळ फोन करणार आहे. त्या दिवशी केला असता तर कदाचित तुम्ही लवकर निघाला असतात. बियरच्या दराचंही काहीतरी करते. बियरच्या फरकाचे साडेएकवीस डॉलर तुम्हाला परत पाठवायला मी तयार आहे, द्यायला लागत नव्हते तरी. फक्त कमिशनचं ते एक वाक्य काढता आलं तर बघा. स्टार दोनच राहू देत.

आणि काकूंचा चष्म्याचा डबा पबच्या बाकावर राहिला होता, मरून रंगाचा, आत रामदासांचा छोटा फोटो आहे. तो माझ्याकडे जपून ठेवलाय. पुढच्या महिन्यात माझी बहीण पुण्याला जाते आहे. पत्ता मेसेजवर कळवा, ती घरी आणून देईल.

तुमची गाईड