भाऊ, ॲव्हरेज किती देते?

मुंबई-गोवा हायवेचं चौपदरीकरण 2011 पासून चालूच आहे, त्यातल्याच एका खड्ड्याने परवा माणगावच्या अलीकडे आमचा पुढचा टायर खाल्ला. त्याचं काही नाही, स्टेपनी होती, जॅक होता, पाना होता. अडलं ते व्हील कॅपवर, म्हणजे चाकावरच्या प्लास्टिकच्या झाकणावर. खड्ड्यात उडून जातात म्हणून शोरूमवाल्यांनी त्या केबल टायने रिमला करकचून बांधून दिल्या होत्या, बिलात लावून.

मी उकिडवा बसून खालून बोटं घालतोय तेवढ्यात भजीच्या टपरीवरून एक काका कटिंग घेऊन आले.

"भाऊ, आधी नट ढिले करा. जॅक मग."

"काका, नट आत आहेत, वर झाकण आहे."

"आत कुठं? हे काय, दिसतायत की!" म्हणत त्यांनी ग्लास बॉनेटवर ठेवला, माझ्या हातातला पाना घेतला आणि झाकणावरच्या प्लास्टिकच्या खोट्या नटाला लावला. नट हलेना. काका म्हणाले, गंजलाय. प्लास्टिक! मग पान्यावर पाय देऊन उभे राहायला निघाले तेव्हा मी आडवाच पडलो.

"थोडं डिझेल मारा त्याच्यावर, सुटेल."

"पेट्रोल आहे काका."

"अस्सं? मग ॲव्हरेज किती देते?"

मी चिखलात, मागे एसटीवाला हॉर्न बडवतोय, आणि मी ॲव्हरेज सांगतोय. सांगितलं तर म्हणे कमी आहे. वर, "अलॉय का नाही घेतले?"

का नाही घेतले! टॉप मॉडेलच्या खाली अलॉय देत नाहीत म्हणून, आणि वेगळे घ्यायचे तर पैसे काय झाडाला लागतात? आम्हाला काळी लोखंडी रिम, आणि ती दिसू नये म्हणून वर चंदेरी प्लास्टिक, त्यावर परत खोटे नट, खऱ्या नटांच्या डोक्यावर. ज्याने हे डिझाईन केलं त्याला पावसात वडखळला पंक्चर काढायला बसवला पाहिजे.

शेवटी टपरीवरची कांद्याची सुरी आणून टाय कापले. मी म्हणत होतो कडेकडेने सोडवू, पण काकांनी एकाच बाजूने हिसडा मारला, कटकन दोन क्लिपा गेल्या. "निघाली बघा!"

काल दुकानात एक कॅप मागितली तर म्हणे सिंगल मिळत नाही, चारचा सेटच घ्यावा लागेल. आणि बाकीच्या तीन? "राहू द्या साहेब, स्पेअरमध्ये." म्हणजे आता झाकणाची पण स्टेपनी.