लाखभर निकाल आले म्हणून इंग्रजी बरोबर ठरत नाही

कोल्हापुरातल्या कारखानदारांच्या आणि स्पर्धा परीक्षावाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक सल्ला फिरतोय: 'इंग्रजी शब्दप्रयोग अवतरणात घालून गूगल करा. लाखावर निकाल आले तर बरोबर, शून्य आले तर चूक, दोन पर्यायांत ज्याचा आकडा मोठा तो घ्या.' यातलं अवतरणाचं तेवढं खरं.

लाखाचा तो आकडा गूगलचा नुसता अंदाज असतो. पानं उलटत गेलात तर काहीशे निकालांतच यादी संपते. त्यात गूगल विरामचिन्हं सहसा धरत नाही. 'डिस्कस अबाउट' हा चुकीचा प्रयोग शोधला की एका वाक्याच्या शेवटचं 'डिस्कस' आणि पुढच्या वाक्याचं पहिलं 'अबाउट' हेही जमेस धरलं जातं. 'असं लिहू नका' म्हणणारी व्याकरणाची पानंही त्यातच! त्यापेक्षा पहिले दहा-पंधरा निकाल वाचा. कोणी लिहिलंय, कुठल्या देशात, कशासंबंधी, हे बघा.

शिरोलीतल्या फाउंड्रीच्या मेलमध्ये 'प्लीज रिव्हर्ट ऑन द ड्रॉइंग' असतं. आपल्याकडे त्याचा अर्थ 'उत्तर कळवा', आणि भारतीय पानांवर ते ढिगानं सापडतं. इंग्लंड-अमेरिकेत मात्र रिव्हर्ट म्हणजे पूर्वस्थितीवर जाणं. काम ड्रॉइंगच्या 'सी' रिव्हिजनवर (सुधारित आवृत्तीवर) चालू असेल तर गिऱ्हाईक विचारणार, परत आधीच्या 'बी'वर जायचं का? तोवर पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा नमुना, अडकून पडतो. 'प्लीज कन्फर्म द ड्रॉइंग बाय फ्रायडे' लिहा, भानगड मिटली. शंका असेल तर शोधात 'साइट', कोलन आणि 'डॉट यूके' जोडून तिकडचीच पानं बघावीत.

शून्य निकालांना घाबरू नका. सात-आठ शब्दांचं अगदी शुद्ध वाक्यही जसंच्या तसं कुठे नसू शकतं. शंका असलेले दोन-तीन शब्दच शोधा. नावं, आकडे काढून टाका.

मोठ्या आकड्याचं म्हणाल, तर 'डिफरंट टू' ब्रिटिश वळणाचं, 'डिफरंट दॅन' अमेरिकी. 'डिफरंट फ्रॉम' दोन्हीकडे चालतं. इथे आकडा नाही, वाचणारा कुठला ते महत्त्वाचं. पुस्तकांत एखादा शब्दप्रयोग किती वापरला जातो ते दाखवणाऱ्या गूगलच्या एनग्राम व्ह्यूअरमध्ये ब्रिटिश आणि अमेरिकी इंग्रजी वेगळं निवडता येतं, आलेखही निघतो. पण तिथे पाच शब्दांपर्यंतच शोधता येतं, किमान 40 पुस्तकांत नसलेला प्रयोग दिसतच नाही, आणि पुस्तकांची भाषा कोटेशनच्या मेलला दर वेळी शोभतेच असं नाही.