तुमचं गाव कुठलं?

गाझाची बातमी आली की खाली कुणीतरी हमखास लिहितं, "एवढे अरब देश आहेत, घ्यावं की यांना सामावून! पंचाहत्तर वर्षं कुणी निर्वासित राहतं का?" परवा हे माझ्याच आतेभावाने लिहिलं. उत्तर कॉमेंटमध्ये मावेना, म्हणून इथे लिहितेय. लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी त्याच्या म्हणण्यात खरं काय आहे ते सांगते. १९४८ मध्ये इस्रायल स्थापन होतानाच्या युद्धात घरदार सुटलेल्या पॅलेस्टिनींच्या लेबनॉनमध्ये बारा छावण्या आहेत. तिथे जन्मलेल्या मुलाला शिकून मोठं झालं तरी कितीतरी व्यवसायांची दारं बंद. २००१ च्या कायद्यापासून स्वतःच्या नावावर एक खोलीसुद्धा घेता येत नाही. कारण काय सांगतात, तर इथे रुजले तर यांचा परतीचा हक्क बुडेल! माणसाला उपाशी ठेवून त्याचा हक्क जपायची ही रीत मला निर्लज्जपणाची वाटते. इथपर्यंत आतेभाऊ बरोबर.

पण मग जॉर्डनकडे बघ. तिथे बहुतेकांना नागरिकत्व मिळालं. पासपोर्ट आहे, मत देतात, दुकानं चालवतात. तरीही वीस लाखांहून जास्त लोक संयुक्त राष्ट्रांच्या यूएनआरडब्ल्यूए या संस्थेकडे निर्वासित म्हणून नोंदलेले आहेत. कशाला? ज्याचं पोट भरलेलं आहे त्याला रेशनची गरज नाही. पण त्या नोंदीत आजोबांचं गाव आहे. १ जून १९४६ ते १५ मे १९४८ या काळात ज्यांचं राहतं घर पॅलेस्टाइनमध्ये होतं आणि १९४८ च्या युद्धात ज्यांचं घर आणि पोटापाण्याचं साधन दोन्ही गेलं, त्यांची आणि त्यांच्या वंशजांची ही नोंद. ज्यांचा सातबारा गेला त्यांच्याकडे एवढंच उरलं.

आपल्याकडे तिसऱ्या पिढीतल्या गिरगावकरालाही आपण विचारतो ना, "तुमचं गाव कुठलं?" लेबनॉनमधल्या ऐन अल-हिल्वे छावणीत वस्त्यांनाच सोडलेल्या गावांची नावं आहेत. सफसाफ, सफ्फुरिया. त्या सफ्फुरियाचे काही लोक इस्रायलमध्येच राहिले, ते आज नाझरेथमध्ये आहेत. जुनं गाव तिथून काही किलोमीटरवर. जाऊन बघता येतं, राहता येत नाही.

हे वाचून कुणी म्हणेल, युद्ध झालं, शत्रू होते, असं होतंच. म्हणून इक्रितची गोष्ट सांगते. लेबनॉनच्या सीमेजवळचं ख्रिश्चन गाव. नोव्हेंबर १९४८ मध्ये सैन्याने सांगितलं, दोन आठवड्यांसाठी बाहेर जा, मग परत या. लोक गेले. ते इस्रायलचेच नागरिक झाले. दोन आठवडे संपेनात, तेव्हा कोर्टात गेले. जुलै १९५१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी, नाताळच्या आदल्या दिवशी, सैन्याने गावातली घरं सुरुंग लावून उडवली. चर्च आणि कब्रस्तान तेवढं ठेवलं. पुढे सत्तरच्या दशकात मेलेल्यांना तिथे पुरायची परवानगी मिळाली. म्हणजे इक्रितच्या माणसाला इक्रितला परतता येतं, पण त्यासाठी मरावं लागतं. २०१२ पासून तर नातवंडंच पाळीपाळीने त्या चर्चमध्ये मुक्कामाला राहू लागली.

यांना नागरिकत्व होतं. कोर्टाचा निकाल होता. कुठल्या अरब देशाने यांना 'सामावून' घ्यायचं होतं?

आता दुसऱ्या बाजूची एक गोष्ट, ही सांगितली की माझे डावे मित्र रागावतात. २००३ मध्ये खलील शिकाकी या पॅलेस्टिनी अभ्यासकाने निर्वासितांनाच विचारलं, पर्याय दिले तर कुठे राहाल? इस्रायलमध्ये जाऊन राहू म्हणणारे दहात एक निघाले. पण हक्क मान्य व्हावा, हे जवळजवळ सगळ्यांनीच सांगितलं. चिडलेल्या जमावाने वेस्ट बँकेतल्या रामल्ला शहरातलं शिकाकींचं ऑफिस फोडलं. जमाव चुकलाच. मला तर त्या आकड्यात काही द्रोह दिसत नाही. ११ डिसेंबर १९४८ चा संयुक्त राष्ट्रांचा १९४ क्रमांकाचा ठरावही हेच म्हणतो: ज्यांना शेजाऱ्यांशी सलोख्याने राहायला परत यायचंय त्यांना येऊ द्या, ज्यांना यायचं नाही त्यांना भरपाई द्या. जायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. ते ठरवायचा अधिकारच काढून घेतलाय, भांडण त्याचं आहे.

आता घरची गोष्ट. रेवदंड्याला आमच्या आळीत एक बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचं, कुटुंब होतं. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली, म्हणून 'शनवार तेली' म्हणत त्यांना जुनी माणसं. आडनाव आपल्यासारखंच, गावाच्या नावापुढे '-कर' जोडलेलं. मी शाळेत असताना ते घर विकून इस्रायलला गेले, आता तिथल्या लोद शहरात असतात. १९५० च्या तिथल्या कायद्याने जगातल्या कुठल्याही ज्यूला तिथे येऊन राहायचा हक्क दिला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका कायद्याने, गेलेल्या पॅलेस्टिनींची घरंदारं 'गैरहजर मालकांची' ठरवून सरकारी ताब्यात घेतली. लोदमधून आणि शेजारच्या रामलामधून जुलै १९४८ च्या उन्हात पन्नास हजारांहून जास्त माणसं हाकलली होती.

त्यातले सगळे उद्या परत आले तर आमच्या आळीतल्या त्या काकांनी कुठे जायचं? याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि ज्यांच्याकडे चटकन असतं त्यांची मला भीती वाटते. एकदा मी काकांना विचारलं, तुमच्या आधी तिथे कोण राहायचं? म्हणाले, "आमची बिल्डिंग नवीनच होती गं. आधीचं कोण विचारतो?" माणूस साधा आहे, खोटं बोलत नव्हता.

गेल्या खेपेला आले तेव्हा अलिबागजवळच्या खंडाळ्याला, बेने इस्रायलींच्या एलियाहू हनाबीच्या टाप्यावर, दर्शनाला जाऊन आले, मग स्वतःच्या जुन्या घरापुढे येऊन उभे राहिले. आताच्या मालकाने खुर्ची बाहेर आणून दिली, सुनेने चहा केला. काका बसले, वर बघून माड मोजले, आणि विहिरीकडचा एक कमी दिसतोय म्हणून त्या बिचाऱ्या मालकाशी चांगला अर्धा तास वाद घालत राहिले.